खर्डा लिहिला, पण बाकी काढली नाहीं
(अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष टॉमस जेफर्सन ह्याच्या कर्जापासून घ्यावयाचा बोध)

ह्या मासिकांतून बियाणें, खतें, औजारें आणि बाजारभाव ह्यांविषयीं जाणत्या मंडळींचे लेख नेहमी येतात व ते मी आवडीनें वाचतों. परंतु शेतकऱ्याच्या घरांतील एका वस्तूविषयीं क्वचितच कोणी लिहितो. ती वस्तु म्हणजे हिशेबाची वही. माझें सारें आयुष्य महसूल खात्यांतील कारकुनींत गेलें. शेतीचें शास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाहीं. वहीविषयीं दोन शब्द लिहिण्याचा मात्र आहे, असें वाटतें. उदाहरण आपल्या गांवचें घेत नाहीं. कारण गांवचें उदाहरण घेतलें म्हणजे बोध बाजूस राहतो आणि तें घर कोणाचें ह्याचीच चर्चा होते. म्हणून दूरचें, पण जगविख्यात असें एक घर घेतों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा तिसरा अध्यक्ष टॉमस जेफर्सन ह्याचें तें घर.

४ जुलै १७७६ रोजीं फिलाडेल्फिया शहरीं तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. तो ज्याच्या लेखणींतून उतरला तो जेफर्सन त्या वेळीं अवघा तेहेतीस वर्षांचा होता. त्या दिवशींच्या त्याच्या रोजखर्ड्यांत काय सांपडतें? एक उष्णतामापक यंत्र घेतलें, त्याचे ३ पौंड १५ शिलिंग. बायकांचे हातमोजे सात जोड, त्यांचे २७ शिलिंग. धर्मादाय दीड शिलिंग. शिवाय सकाळीं सहा वाजतां उष्णमान ६८ अंश होतें व दुपारीं एक वाजतां ७६ अंश, हेंही त्यानें टिपून ठेविलें. राष्ट्राचा जन्म होत असतांही ज्याचा खर्डा चुकला नाहीं, त्या माणसास निष्काळजी कोण म्हणेल?

हा खर्डा त्यानें १७६७ पासून १८२६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षें ठेविला. बागेची वही निराळी, शेताची निराळी. वाटाणा कधीं पेरला, कधीं फुलला आणि कधीं ताटांत आला हें एकींत. धान्य किती झालें, गुलामांना कापड किती वांटलें हें दुसरींत. असा हा मनुष्य मेला तेव्हां त्याच्यावर १,०७,००० डॉलर कर्ज होतें. घर, जमीन, गुरें आणि माणसें, सर्व कांहीं त्यांत गेलें. असें कां झालें, हा आजचा प्रश्न आहे.

जेफर्सनचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांत झाला. बाप पीटर जेफर्सन हा जमीनमोजणीदार. व्हर्जिनियाचा प्रसिद्ध नकाशा त्यानें एका सहकाऱ्याबरोबर १७५१ मध्यें तयार केला. मुलगा चवदा वर्षांचा असतां बाप वारला आणि हजारों एकर जमीन व गुलाम मागें ठेवून गेला. त्या प्रांताचें मुख्य पीक तंबाखू. तंबाखूचीं पिंपें भरून लंडनच्या अडत्याकडे पाठवावयाचीं, त्यानें तीं विकावयाचीं, आणि त्याच्याचकडून कापड, भांडीं, दारू, गाडी उधारीनें मागवावयाची, अशी तेथील रीत होती. भाव अडत्या ठरविणार, वजन तो करणार, व्याजही तोच लावणार. बागाइतदार रुबाबांत राही. पण त्याचें खातें लंडनला फुगत जाई. पुढें जेफर्सननेंच एके ठिकाणीं लिहिलें आहे कीं, हीं कर्जें बापाकडून मुलाकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलीं आणि बागाइतदार हे लंडनच्या पेढ्यांची जणूं मालमत्ता होऊन बसले. दुखणें त्याला पुरतें ठाऊक होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१७७२ मध्यें त्याचें लग्न झालें आणि १७७३ मध्यें सासरा जॉन वेल्स वारला. सासऱ्याच्या मिळकतींतून जेफर्सनच्या वांट्यास सुमारें ११,००० एकर जमीन व १३५ गुलाम आले. आणि त्यांच्या पाठोपाठ इंग्रज व्यापाऱ्यांचें मोठें देणेंही आलें. येथें वारसांनीं जें केलें तें महसुली माणसाच्या डोळ्यांत चटकन् भरतें. देणें फेडून मग उरलेली मिळकत वांटावयाची, हा सरळ मार्ग होता. तिघां जांवयांनीं मिळकत आधीं वांटून घेतली आणि देण्याचा आपापला हिस्सा डोक्यावर घेतला. त्यामुळें सासऱ्याचें कर्ज त्यांचें स्वतःचें कर्ज झालें. आपल्याकडेही खातेफोड करण्याची घाई सर्वांस असते. बोजा कोणी कसा फेडावयाचा हें मात्र कागदावर येत नाहीं.

तरी जेफर्सनची दानत खोटी नव्हती. देणें फेडण्याकरितां त्यानें सासऱ्याकडून आलेल्या जमिनीपैकीं पुष्कळशी लगेच विकली. परंतु घेणाऱ्यांनीं रोख न देतां खतें लिहून दिलीं. इतक्यांत इंग्लंडशीं युद्ध जुंपलें, कागदी चलन वाटेल तितकें छापलें गेलें, आणि खतांचा पैसा हातीं आला तेव्हां त्याला ओकच्या झाडाच्या पानांइतकीही किंमत उरली नाहीं, असें तो म्हणे. प्रांताच्या कायद्यानें तो पैसा सरकारी कचेरींत भरण्याची सोय होती, तीही त्यानें केली. पण १७८३ च्या तहांत इंग्रज सावकारांचें देणें खऱ्या नाण्यांत वसूल होण्यास आडकाठी असूं नये असें कलम पडलें, आणि एकदां विकलेल्या जमिनीचें कर्ज पुन्हां पहिल्यासारखें उभें राहिलें. ह्यांत त्याचा दोष नव्हता. दैवाचा घाला म्हणतात तो हाच.

पुढील चाळीस वर्षांचा बहुतेक काळ देशसेवेंत गेला. व्हर्जिनियाचा गव्हर्नर, फ्रान्समधील वकील, वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळांत परराष्ट्रमंत्री, नंतर उपाध्यक्ष आणि १८०१ पासून १८०९ पर्यंत अध्यक्ष, अशीं पदें त्यानें भूषविलीं. ह्या काळांत शेत मुकादमांच्या हातीं होतें. दहा वर्षांनीं परत येऊन पाहतो तों जमिनीचा कस इतका उतरलेला कीं, तें त्यानें वॉशिंग्टनला पत्रानें खेदपूर्वक कळविलें. धनी नसलेल्या शेताची काय अवस्था होते हें ह्या मासिकाच्या वाचकांस सांगणें नको.

शेतकरी म्हणून त्याची बुद्धि मोठी होती, हें कबूल केलेंच पाहिजे. तंबाखू कमी करून त्यानें गहूं धरला. जमिनीचे सात भाग पाडून सात वर्षांची फेरपालट आंखली आणि तींत क्लोव्हर नांवाचें जमिनीचा कस वाढविणारें द्विदल गवत घातलें. फ्रान्समधील नांगर पाहून, फाळानें उचललेली ढेप पलटविणारी फळी कोणत्या आकाराची असावी म्हणजे बैलांस ओढ कमी पडेल, हें त्यानें गणितानें ठरविलें. ती फळी कोणत्याही सुतारास करतां यावी अशी कृति त्यानें १७९८ मध्यें विद्वानांपुढें मांडली, तिचा मक्ता मात्र घेतला नाहीं. पॅरिसच्या शेतकी मंडळानें त्याबद्दल त्याला सुवर्णपदक दिलें. इटलींतील साळीचें बीं बाहेर नेण्यास बंदी असतां १७८७ मध्यें तें कोटाच्या खिशांत भरून त्यानें अमेरिकेस पाठविलें. अशा शेतकऱ्याचें बुडणें हें आळशाचें बुडणें नव्हे. म्हणूनच तें अभ्यासण्यासारखें आहे.

आतां दुसरी बाजू. पॅरिसहून परत आला तेव्हां त्याच्या मागून पेट्या आल्या त्या शहाऐशीं. माँटिसेलो नांवाच्या टेंकडीवर त्यानें १७६९ मध्यें घर बांधण्यास घेतलें. तें उभें झाल्यावर १७९६ मध्यें वरचा भाग पाडून पुन्हां बांधावयास काढलें, आणि तें काम सुमारें १८०९ पर्यंत चाललें. पुस्तकें, उंची दारू, घोडे, चित्रें, यंत्रें ह्यांची हौस निराळीच. म्हातारपणीं पाहुण्यांची रीघ इतकी कीं, कधीं कधीं पन्नास माणसें एकाच वेळीं मुक्कामास असत, असें घरची मंडळी सांगत. ह्यांतील प्रत्येक पैसा खर्ड्यांत लिहिलेला आहे. नाहीं ती एकच गोष्ट. ज्या विद्वानांनीं त्या वह्या पुढें संपादून छापल्या त्यांनीं दाखवून दिलें आहे कीं, जमा किती, खर्च किती आणि वर्षअखेर शिल्लक कीं तूट, हें त्यानें कधीं नीट काढलेंच नाहीं. कीर्द होती; खतावणी व ताळेबंद नव्हता. अध्यक्षपद सोडून निघतांना ढोबळ बेरीज केली तेव्हां देणें अंदाजापेक्षां पुष्कळच अधिक निघालें व तो स्वतःच दचकला. वर्षास २५,००० डॉलर वेतन घेणारा राष्ट्राध्यक्ष घरीं परतला तो नवें कर्ज काढून.

ह्याच आठ वर्षांत ह्याच माणसानें राष्ट्राचें कर्ज किती उतरविलें तें पाहावें. १८०१ मध्यें तें सुमारें ८ कोटी ३० लाख डॉलर होतें. १८०९ मध्यें सुमारें ५ कोटी ७० लाखांवर आलें. मध्यंतरीं, १८०३ मध्यें, फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोट डॉलरांस घेऊन देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट केला; देशांतर्गत कर काढून टाकले; आणि तरीही कर्ज घटलें. हें कसें साधलें? राष्ट्राच्या तिजोरीवर अल्बर्ट गॅलाटिन नांवाचा खमंग हिशेबी मंत्री बसलेला होता. दरसाल इतकी रक्कम कर्जफेडीस आधीं बाजूस काढावयाची, मग उरेल त्यांत कारभार, हा त्याचा नेम. आणि जेफर्सननें त्याला पाठबळ दिलें. राष्ट्राला गॅलाटिन होता, जेफर्सनच्या घराला नव्हता. माझें सारें म्हणणें ह्या एका वाक्यांत आहे.

१७८९ मध्यें मित्र मॅडिसन ह्यास लिहिलेल्या पत्रांत जेफर्सननें असा सिद्धान्त मांडला होता कीं, पृथ्वी ही जिवंत असलेल्यांची आहे. एका पिढीनें आपल्या कर्जाचें ओझें दुसरीच्या मानेवर ठेवण्याचा तिला अधिकार नाहीं. मृत्युसंख्येचे तक्ते पाहून एका पिढीची मुदत त्यानें १९ वर्षें ठरविली होती. सिद्धान्त थोर खरा. पण तो लिहिणाऱ्याचें स्वतःचें कर्ज नातवाच्या मानेवर गेलें.

१८१५ मध्यें त्यानें आपला ६,४८७ पुस्तकांचा संग्रह सरकारास २३,९५० डॉलरांस विकला व त्यांतून पुष्कळ देणें भागविलें. त्यानंतर पुन्हां पुस्तकें विकत घेण्यास प्रारंभ झाला. पण शेवटचा घाव निराळाच बसला. विल्सन केरी निकोलस हा व्हर्जिनियाचा माजी गव्हर्नर व रिचमंड येथील बँकेच्या शाखेचा अध्यक्ष. त्याची मुलगी जेफर्सनच्या नातवास दिलेली, म्हणजे नात्यानें व्याहीच. त्याच्याच बँकेंतून जेफर्सनला स्वतःस कर्ज मिळालेलें. अशा व्याह्यानें १८१८ मध्यें दहा दहा हजारांच्या दोन रोख्यांवर जामीन म्हणून सही मागितली. नाहीं कसें म्हणावें? सही झाली. पुढच्याच सालीं व्यापार कोसळला, जमिनीचे भाव पडले, निकोलस बुडाला व १८२० मध्यें वारला. वीस हजार डॉलर जेफर्सनच्या अंगावर आले. नुसतें व्याजच वर्षास १,२०० डॉलर. व्याह्याच्या कुटुंबास त्यानें दोषाचा एक शब्दही लाविला नाहीं, हें त्याचें मोठेपण. पण सावकाराच्या वहींत मोठेपणास रकाना नसतो.

हें लिहितांना माझा हात थोडा अडखळतो. माझे साडू एकदां घरीं आले व म्हणाले, "नुसती सही हवी, भाऊ, पैसा मी भरणार." पतपेढीच्या कागदावर मीं सही केली. रोज दुसऱ्यांचे उतारे तपासणारा मी, पण त्या दिवशीं आपल्या देण्याच्या यादींत ती रक्कम लिहिली नाहीं. कारण तें माझें देणें आहे असें मला वाटलेंच नाहीं. पुढें सहा वर्षें माझ्या पगारांतून हप्ते कापले गेले, आणि थोरल्या मुलीच्या लग्नाकरितां ठेविलेले पैसे त्यांत गेले. साडूंस मीं फार बोललों नाहीं. दोष वहीचा, म्हणजे माझा होता.

जेफर्सनच्या बाजूनें बोलणारे म्हणतात कीं, तो देशसेवेपायीं बुडाला, पाहुण्यांनीं बुडविला, व्याह्यानें बुडविला, तहानें बुडविला. हीं सर्व कारणें खरीं आहेत आणि मी तीं हलकीं लेखीत नाहीं. पण त्याच प्रांतांतील, तंबाखूचाच दुसरा बागाइतदार जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच्याकडे पाहावें. त्यालाही लंडनच्या अडत्याचें देणें झालें, तोही वर्षानुवर्षें रणांगणावर व राजकारणांत घराबाहेर राहिला, त्याच्याही घरीं पाहुण्यांची रीघ होती. त्याच्याजवळ रोकड फार होती असेंही नव्हे. १७८९ मध्यें अध्यक्षपद घेण्यास निघतांना त्याला पैसे उसने काढावे लागले. परंतु तंबाखू परवडत नाहीं असें हिशेबावरून दिसतांच १७६० नंतरच्या दशकांतच त्यानें तो सोडून गहूं धरला, पुढें पिठाची गिरणी घातली, आणि घराबाहेर असतां प्रत्येक शेताचा आठवड्याचा तक्ता मागवून त्याची फोड केली. तो मेला तेव्हां वारसांस मिळकत मिळाली. इतकेंच नव्हे, तर स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्ततेची तजवीज त्याला मृत्युपत्रांत करतां आली. गुलाम बाळगण्याचा दोष दोघांसही आहे. त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. पण ज्याची बाकी स्वच्छ होती त्याला शेवटीं थोडें तरी न्यायाचें करतां आलें. ज्याची नव्हती त्याला तेंही करतां आलें नाहीं.

तें कसें, हें सांगून आटोपतों. १८२६ च्या प्रारंभीं त्र्याऐशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या जेफर्सननें आपली जमीन सोडत काढून विकण्याची परवानगी प्रांताच्या कायदेमंडळाकडे मागितली. सोडतींत राहतें घरही घालावें लागणार, असें कळलें. मग चाहत्यांनीं वर्गणी जमविण्यास सुरुवात केली, आणि आतां घर वांचलें ह्या समजुतींत तो ४ जुलै १८२६ रोजीं, जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशीं, वारला. वर्गणी पुरी झाली नाहीं. जानेवारी १८२७ मध्यें माँटिसेलोवर लिलाव पुकारला गेला. लिलावाच्या जाहिरातींत गुरें, औजारें व सामान ह्यांच्या बरोबर १३० गुलाम माणसें होतीं.

मृत्युपत्रानें त्यानें पांच जणांस मुक्त केलें होतें. त्यांतील मॅडिसन व ईस्टन हे सॅली हेमिंग्ज ह्या गुलाम स्त्रीपासून त्यालाच झालेले पुत्र होते, असें आजचे बहुतेक इतिहासकार मानतात. पांचांतील आणखी एक म्हणजे लोहार जो फॉसेट. तो मुक्त झाला, पण त्याची बायको व मुलें लिलावांत विकलीं गेलीं. त्यांतला मुलगा पीटर अकरा वर्षांचा होता. बापानें पुढें कष्टाच्या पैशानें बायकोस व कांहीं मुलांस विकत घेऊन सोडविलें. पीटरला मात्र बरींच वर्षें गुलामींत काढावीं लागलीं. पुढें तो धर्मोपदेशक झाला आणि म्हातारपणीं, १९०० मध्यें, एकदां माँटिसेलो पाहून आला. साठ वर्षांच्या त्या सुबक खर्ड्यांत जी बाकी काढावयाची राहिली, ती अखेर ह्या मुलाच्या खात्यावर निघाली. त्यानें एकाही रोख्यावर सही केली नव्हती. घर १८३१ मध्यें परक्याच्या हातीं गेलें, आणि कर्ज फेडतां फेडतां नातवाचें आयुष्य खर्ची पडलें.

विकल्या गेलेल्या त्या माणसांच्या दुःखाशीं आपल्या घरांतील अडचणींची तुलना करणें शोभणार नाहीं. परंतु एवढें खरें कीं, सही एक करतो आणि फेड दुसराच करतो, ही कर्जाची रीत आहे. ज्यानें फेडावयाचें त्यास बहुधा कोणी विचारलेलें नसतें.

म्हणून वाचकांस माझी विनंति एवढीच. रोजचा खर्च लिहिणारे शेतकरी आतां पुष्कळ आहेत; ती संवय चांगली आहे, पण ती अर्धीच आहे. सुगी आटोपल्यावर एक संध्याकाळ काढावी. एका कोऱ्या कागदावर डावीकडे येणें, उजवीकडे देणें लिहावें. सोसायटी, बँक, दुकानदार, नातलग, सर्वांचें देणें मुद्दल व व्याज निरनिराळें मांडावें. जेथें जेथें जामीन म्हणून सही आहे ती रक्कम आपलें देणें समजून त्यांतच धरावी. खालीं रेघ ओढून बाकी काढावी. आणि मुख्य म्हणजे, तो कागद पेटींत न ठेवतां घरांतील बायकोपुढें व कर्त्या मुलापुढें मोठ्यानें वाचावा. घराला गॅलाटिन मिळावयाचा तो ह्यांतूनच. बाकी वाईट निघाली तर एक रात्र झोंप येणार नाहीं, हें खरें; पण तूट वेळेवर दिसली तर एखादा तुकडा विकून उरलेलें शेत वांचवितां येतें.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या बुद्धिमंतास हें जमलें नाहीं, तें आपणांस कसें जमेल, असें कोणी म्हणेल. जमेल. ह्याला बुद्धि फारशी लागत नाहीं. एक रेघ ओढण्याचें धैर्य लागतें.

— एक निवृत्त अव्वल कारकून